वकिली, अध्यापन आणि सामाजिक धोरण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बरीच वर्षं जिल्हा न्यायालयात वकिली करते, सकाळच्या सत्रात कायदा शिकवते आणि स्त्रिया व मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांना कायद्याचे मसुदे वाचून, दुरुस्त करून देते. ज्युनिअर, विद्यार्थी आणि कार्यकर्ते मला फिरून फिरून जे विचारतात, ते इथे एका जागी आणलं आहे. 'नियम' असं जिथे लिहिलं आहे, तिथे बार कौन्सिल ऑफ इंडियाचे (वकिलांची देशपातळीवरची नियामक संस्था) व्यावसायिक आचरणाचे नियम समजावेत.

१. माझी वकिली चालू आहे. सोबत लॉ कॉलेजात शिकवता येईल का?

हो. वकील अधिनियम, १९६१ खाली केंद्र सरकारने १९७९ मध्ये खास याचसाठी नियम केले. विद्यापीठाशी संलग्न संस्थेत दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवण्याची मुभा व्यवसाय करणाऱ्या वकिलाला आहे. मोबदल्याला पगार म्हणा, मानधन म्हणा किंवा तासिका तत्त्व म्हणा, तीन तासांच्या आत असेल तर ते अर्धवेळ कामच धरलं जातं. साडेसातला वर्ग आणि साडेदहाला बँड बांधून कोर्टात, ही आपल्याकडची जुनी रीत या नियमात चपखल बसते.

याशिवाय नियम ५१ प्रमाणे कायद्याच्या परीक्षांसाठी शिकवणी घेणं, प्रश्नपत्रिका काढणं आणि तपासणं, पाठ्यपुस्तकं संपादित करणं, लेखन आणि व्याख्यानं हेही चालतं. अट अशी, त्याआडून जाहिरात करायची नाही. व्याख्यानाच्या शेवटी 'अशी अडचण असेल तर माझ्या ऑफिसला या' असं म्हटलंत, की तुम्ही जाहिरातबंदीच्या नियम ३६ च्या दारात उभे राहिलात.

२. तीन तास आठवड्याच्या सरासरीने धरायचे का? सोमवारी पाच तास घेतले आणि मंगळवारी एकही नाही, तर?

१९७९ च्या नियमात 'दिवसाला' असाच शब्द आहे, सरासरीची सोय नाही. वेळापत्रक लागायच्या आधीच प्राचार्यांना हे सांगा. नंतर बदलून घेणं जड जातं.

३. पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाची ऑर्डर हातात आली आहे. सनदीचं, म्हणजे वकिलीच्या परवान्याचं, काय करू?

नियम ४९ स्पष्ट आहे. व्यवसाय चालू असेपर्यंत वकील पूर्णवेळ पगारी नोकरी करू शकत नाही. नोकरी घेतली तर ज्या राज्य बार कौन्सिलच्या पटावर नाव आहे तिला कळवायचं आणि वकिली थांबवायची. न कळवता दोन्ही चालू ठेवलं तर ते व्यावसायिक गैरवर्तन ठरू शकतं आणि वकील अधिनियमाच्या कलम ३५ खाली कारवाई होऊ शकते.

'माझे वर्गातले तास तीनच आहेत, मग मी १९७९ च्या नियमात बसतो ना?' असं बरेच जण विचारतात. पूर्णवेळ पदाच्या सेवाशर्ती तासिकांपुरत्या नसतात, त्यात रोज ठराविक वेळ उपस्थित राहणं आणि आठवड्याचा कार्यभारही येतो. म्हणून ऑर्डरवर 'पूर्णवेळ' शब्द असेल तर स्वतःच्या सोयीचा अर्थ लावू नका. ऑर्डरची प्रत जोडून बार कौन्सिलला लेखी विचारा आणि लेखी उत्तर फायलीला लावा.

४. मग सरकारी वकील पगार घेऊनही वकील कसे राहतात?

याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांत शेजारी शेजारी ठेवून वाचण्यासारखं आहे. २००१ मध्ये सतीशकुमार शर्मा प्रकरणात वीज मंडळाच्या पूर्णवेळ कायदा अधिकाऱ्याला वकिलांच्या पटावर राहता येणार नाही असं ठरलं. २०१३ मध्ये दीपक अग्रवाल प्रकरणात सरकारी अभियोक्ते मात्र वकीलच राहतात असं ठरलं. फरक पगाराचा नव्हता, प्रत्यक्ष कामाचा होता. माणूस कोर्टात उभा राहून बाजू मांडतो आहे, की टेबलाशी बसून प्रशासकीय काम करतो आहे?

दुसरा स्वतंत्र व्यवसाय असेल तर वाट अधिक अरुंद होते. मुंबईचे शल्यचिकित्सक डॉ. हनीराज चुलानी यांना डॉक्टरी चालू ठेवून सनद हवी होती. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलने ती नाकारली आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला.

५. शिकवायला नेट-सेट (प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा) लागतंच का? माझ्याकडे फक्त एलएलबी आणि अठरा वर्षांची प्रॅक्टिस आहे.

नियमित सहायक प्राध्यापकपदासाठी ५५ टक्के गुणांसह एलएलएम आणि नेट किंवा सेट लागतं. आरक्षित प्रवर्गांना गुणांत सवलत आहे आणि विहित पद्धतीने पीएचडी केलेल्यांना नेटमधून सूट मिळते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं.

तुमच्यासारख्यांसाठी २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' ही वाट काढली. किमान पंधरा वर्षांचा भरीव अनुभव असेल तर औपचारिक पदवीची अट आड येत नाही. मुदत साधारण तीन वर्षं, फार तर चार. किती कॉलेजं हे पद खरोखर भरतात, हा वेगळा प्रश्न आहे. विचारून पाहा. मूट कोर्ट (विद्यार्थ्यांचं सरावाचं न्यायालय) आणि मसुदालेखन शिकवायला अनुभवी माणूस मिळत नाही, अशी प्राचार्यांची तक्रार मी वर्षानुवर्षं ऐकते आहे.

६. शिकवण्याची वर्षं न्यायाधीशपदासाठी मोजतात का?

सनद चालू ठेवून, तीन तासांच्या मर्यादेत शिकवलं असेल तर तुमची वकिलीची वर्षं तुटत नाहीत. सनद स्थगित करून पूर्णवेळ प्राध्यापकी केली तर तो काळ वकिलीत धरता येत नाही. थेट भरतीने जिल्हा न्यायाधीश होण्यासाठी सात वर्षांची आणि उच्च न्यायालयासाठी दहा वर्षांची वकिली ही संविधानातली अट आहे. कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये पुन्हा लागू केली.

प्राध्यापकासाठी संविधानात एक दार मात्र आहे, तेही सगळ्यात वरच्या मजल्यावर. अनुच्छेद १२४(३) प्रमाणे राष्ट्रपतींच्या मते 'विख्यात विधिवेत्ता' असलेल्या व्यक्तीला थेट सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश नेमता येतं. इतक्या वर्षांत त्या दारातून कोणी आत गेलेलं नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

७. सुरुवात कशाने करू: वकिली, शिकवणं की धोरणाचं काम?

माझं मत विचाराल तर आधी खालच्या कोर्टात चार-पाच वर्षं काढा. पुकारा झाल्यावर पक्षकार कसा गांगरतो, नोटीस बजावून आली नाही म्हणून तारीख कशी पडते, बेलिफाच्या (नोटीस बजावणारा कोर्टाचा कर्मचारी) अहवालातल्या एका ओळीने दावा कसा अडतो, हे पाहिलेलं नसेल तर वर्गातलं बोलणं पोकळ राहतं आणि मसुदा कागदावरच छान दिसतो. शिकवायला तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून लागलात तरी चालेल. विद्यार्थ्यांचे प्रश्न तुम्हाला मूळ अधिनियमाकडे परत नेतात, आणि रोजच्या धावपळीत नेमकं तेच वाचन सुटलेलं असतं.

८. सामाजिक धोरणात वकील नेमकं काय करतो? ते तर अधिकाऱ्यांचं आणि आमदारांचं काम आहे ना?

कायदा कुठे गळतो हे गळतीखाली उभ्या असलेल्या माणसाला आधी कळतं. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधाचा २००५ चा अधिनियम घ्या. पहिली सुनावणी सर्वसाधारणपणे तीन दिवसांत व्हावी आणि अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असं कलम १२ सांगतं. कोर्टात हा अर्ज चालवणाऱ्या कोणालाही विचारा, साठ दिवसांचं काय होतं. 'प्रयत्न करील' या दोन शब्दांत सगळी हवा निघून जाते.

कलम ८ मध्ये तर प्रत्येक जिल्ह्यात संरक्षण अधिकारी (पीडित बाईला मदत करणारा आणि कोर्टाला अहवाल देणारा अधिकारी) नेमणं राज्य शासनावर बंधनकारक आहे, पण किती नेमायचे हे शासनाला 'आवश्यक वाटेल' तितके. परिणाम माझ्यासमोरच्या रोजनाम्यात, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं याच्या कोर्टातल्या नोंदीत, दिसतो: 'संरक्षण अधिकारी यांचा अहवाल अप्राप्त. पुढील तारीख.' महिन्याभराने पुन्हा तेच वाक्य, त्याच हस्ताक्षरात. हातात बाळ घेतलेली बाई मला विचारते, 'मॅडम, आज काय झालं?' आणि मी तिला तारीख सांगते.

हे रोजनामे एकत्र करून मांडले की त्याचं धोरण होतं. कोणती पदं अतिरिक्त कार्यभारावर आहेत, अहवालाचा नमुना भरायला किती वेळ लागतो, नोटीस कुठे अडते. आमच्या विद्यार्थ्यांनी एका सत्रात हेच काम केलं. जिथे परवानगी मिळाली तिथले रोजनामे वाचले आणि प्रत्येक तारखेचं कारण वहीत उतरवलं. तक्रार म्हणून ऐकलं गेलं नसतं ते नोंद म्हणून ऐकलं गेलं.

दुसरं काम शब्दांचं. मराठी अधिनियमात 'शासन करील' म्हटलं की कर्तव्य, 'शासनास करता येईल' म्हटलं की मर्जी. मसुदा हातात आला की मी पहिल्यांदा पेन्सिलने 'येईल' आणि 'करील' यांच्याखाली रेघा मारते. मग 'विहित करण्यात येईल त्याप्रमाणे' कुठे कुठे आहे ते पाहते, कारण तिथला खरा निर्णय अजून व्हायचा असतो आणि तो शासनाने त्या अधिनियमाखाली मागाहून केलेल्या नियमांत गुपचूप होतो.

९. सामान्य वकिलाचं म्हणणं शासनापर्यंत पोचतं तरी कसं?

अधिनियमाखालचे नियम करताना पूर्वप्रसिद्धीची अट असेल तर मसुदा राजपत्रात येतो आणि हरकती व सूचना मागवल्या जातात. मुदतीत पाठवलेल्या हरकतीचा विचार करणं नियम करणाऱ्यावर बंधनकारक असतं. केंद्राच्या विधेयकांसाठी २०१४ च्या धोरणानुसार मसुदा किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवणं अपेक्षित आहे. संसदेच्या समित्याही निवेदनं मागवतात.

निवेदन लिहिताना निबंध लिहू नका. कलमाचा क्रमांक, सध्याचा मजकूर, सुचवलेला मजकूर आणि का, हे तीन-चार ओळींत. समितीच्या टेबलावर ढीग असतो. ज्याला तयार वाक्य मिळतं त्याच्या हातून ते वाक्य पुढे जाण्याची शक्यता असते.

१०. कायद्याच्या शिक्षकांमुळे खरंच कायदा बदलल्याचं उदाहरण आहे का?

आहे, आणि ते आपल्याच मातीतलं आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. आरोपी पोलीसच होते. सत्र न्यायालयाने त्यांना सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी धरलं आणि सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे संमती होती, असा त्या निकालाचा रोख होता. 'मथुरा प्रकरण' म्हणून ते ओळखलं जातं.

१९७९ मध्ये कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं: उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार. ठाण्यात पोलिसांसमोर मुकाट होणं आणि संमती देणं यांत फरक आहे, हा त्यांचा मुद्दा होता. न्यायालयाने फेरविचार केला नाही. पण पत्र रस्त्यावर आलं, स्त्रियांच्या संघटनांनी ते उचललं, आणि १९८३ मध्ये फौजदारी कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराचा वेगळा गुन्हा झाला. तिथे शरीरसंबंध सिद्ध झाला आणि संमती नव्हती असं बाईने सांगितलं तर न्यायालयाने तसं गृहीत धरायचं ठरलं. पीडितेची ओळख छापायला बंदी आली.

मी हे पत्र दर वर्षी पहिल्या तासाला वर्गात वाचून दाखवते. 'निकाल चुकला आहे' हे कोणत्या भाषेत म्हणायचं असतं, त्याचा यापेक्षा चांगला धडा माझ्याकडे नाही.

११. बाबासाहेबांनी तिन्ही कामं केली. मग आजच एवढे निर्बंध का?

बाबासाहेब १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवू लागले, १९२३ पासून मुंबई उच्च न्यायालयात वकिली, १९२७ पासून मुंबई विधान परिषदेत नियुक्त सदस्य, १९२८ मध्ये शासकीय विधि महाविद्यालयात प्राध्यापक आणि १९३५ मध्ये तिथेच प्राचार्य. १९२८ मध्ये परिषदेत प्रसूती-लाभ विधेयकाच्या बाजूने ते बोलले आणि १९४२ पासून व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून कामगार धोरण त्यांच्या हातात आलं. तेव्हा आजचा वकील अधिनियम अस्तित्वात नव्हता.

आजचे निर्बंधही तिन्ही कामं अडवत नाहीत. पक्षकाराला वेळ आणि निष्ठा पूर्ण मिळावी एवढंच ते पाहतात, आणि मला ते योग्य वाटतं. १९२८ चं त्यांचं शिकवणं आणि कोर्ट आजच्या तीन तासांच्या नियमातही बसू शकलं असतं.

१२. मी एका संस्थेच्या कार्यकारिणीवर आहे. संस्थेची केस मीच चालवली तर पैसे वाचतील. चालेल?

नाही. ज्या संस्थेच्या कार्यकारिणीवर तुम्ही आहात तिच्या बाजूने किंवा विरुद्ध उभं राहायला नियमांनी मनाई आहे. फी घेतली नाही तरीही. अपवाद अगदी छोटा आहे: न्यायमित्र (न्यायालयाला मदत करणारा वकील) म्हणून उभं राहणं, किंवा बार कौन्सिल वा वकील संघासाठी विनाशुल्क उभं राहणं. सामाजिक संस्था त्यात येत नाही. एक तर कार्यकारिणी सोडा, नाहीतर वकीलपत्र दुसऱ्याला द्या. संस्थेचं सल्लागार असणं आणि कार्यकारिणीत असणं यांतला फरक ठरावात नीट लिहून ठेवा.

१३. अत्याचाराच्या घटनेनंतर सत्यशोधन समितीबरोबर मी गावात गेलो होतो. आता ती केस घेऊ का?

ज्या प्रकरणात तुम्ही साक्षीदार होण्याची शक्यता आहे ते घेऊ नका, असं नियम १३ सांगतो. जळालेलं घर तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत, पंचनाम्याआधी फोटो काढलेत, जखमी माणसाचं पहिलं बोलणं ऐकलंत, तर तुम्ही पीडितांच्या जास्त कामाचे आहात ते साक्षीदाराच्या पिंजऱ्यात. म्हणून समिती निघण्याआधीच ठरवा, पुढे कोर्टात कोण उभं राहणार. त्या वकिलाने गावात जाऊ नये.

१४. खासगी कंपनीच्या, लैंगिक छळाच्या तक्रारी पाहणाऱ्या अंतर्गत समितीवर बाह्य सदस्य म्हणून बोलावलं आहे. स्वीकारू का?

कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या अधिनियमाप्रमाणे स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थेतल्या किंवा या प्रश्नाची जाण असलेल्या व्यक्तीला घेतात, त्यामुळे वकील येऊ शकतात. जरूर स्वीकारा, पण त्याच कंपनीचे वकील असाल तर नको. चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण करायची असते. आणि एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात राहत नाही: या चौकशीत पक्षांना वकील आणता येत नाही. त्यामुळे तक्रारदार बाई आणि समोरचा माणूस दोघांनाही प्रक्रिया समजावून सांगण्याची जबाबदारी समितीतल्या तुमच्यासारख्यांवरच येते.

बाल न्याय मंडळावरचे (कायद्याशी संघर्षात आलेल्या मुलांची प्रकरणं पाहणारं मंडळ) सामाजिक कार्यकर्ता सदस्य म्हणूनही कायद्याची पदवी असलेले व्यावसायिक पात्र ठरतात. मात्र ज्या मंडळावर बसाल तिथे वकील म्हणून जाऊ नका.

१५. वर्गात शिकवताना स्वतःच्या केसची उदाहरणं द्यावीत का? नावं बदलली तर?

नावं बदलून भागत नाही, हे मी स्वतः चूक करून शिकले. पोटगीचा विषय शिकवताना एका पक्षकार बाईची हकिगत मी सांगितली. नाव बदललं, गाव बदललं, पण तिचं शिवणकामाचं दुकान आणि दिराने कपाटातून नेलेली मशीन तशीच राहिली. तिसऱ्या बाकावरची मुलगी तास संपल्यावर थांबली आणि म्हणाली, 'मॅडम, ती माझी मावशी आहे.' मी दुसऱ्या दिवशी त्या बाईंची जाऊन माफी मागितली. त्यांनी माफ केलं, पण ऑफिसात पुन्हा मोकळेपणाने बोलायला त्यांना बराच काळ लागला.

पक्षकाराने सांगितलेलं त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय उघड करायचं नाही, हे भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ मध्येही आहे, आणि वकीलपत्र संपलं तरी ते बंधन संपत नाही. वर्गासाठी छापून आलेले निकाल वापरा. धोरणाच्या निवेदनातही हीच काळजी घ्या.

१६. विधी सेवा प्राधिकरणाच्या (मोफत कायदेशीर मदत देणारी यंत्रणा) पॅनेलवर आहे. पक्षकाराने खुशीने थोडे पैसे दिले तर?

घेऊ नका, झेरॉक्सच्या नावानेही नाही. तुमचं मानधन प्राधिकरण देतं. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींतल्या व्यक्ती, अपंग, कोठडीतले आणि औद्योगिक कामगार यांना १९८७ च्या अधिनियमाच्या कलम १२ खाली उत्पन्न न पाहता मदत मिळते. अनेकांना हेच माहीत नसतं आणि ते उत्पन्नाचा दाखला आणायला तहसीलमध्ये हेलपाटे घालतात. त्यांना १५१०० हा विधी सेवेचा मदत क्रमांक द्या.

१७. विद्यार्थ्यांना धोरणाच्या आणि कोर्टाच्या कामात किती घ्यावं?

तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान बारा आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान वीस आठवडे इंटर्नशिप लागते. ते आठवडे झेरॉक्स काढण्यात घालवू नका. मुद्दे काढणं, रोजनामे वाचणं (प्रश्न ८), निवेदनाचा पहिला खर्डा, हे त्यांना जमतं. कोर्टात बाजू मांडणं मात्र सनदधारकाचंच काम. पक्षकाराशी बोलताना ते बसणार असतील तर आधी पक्षकाराला विचारा, आणि विद्यार्थ्यांना प्रश्न १५ वाचायला द्या.

१८. वीस वर्षं पूर्णवेळ शिकवून निवृत्त झाले. आता वकिली सुरू करता येईल?

सनद स्थगित ठेवली असेल तर नोकरी संपल्याचा दाखला जोडून राज्य बार कौन्सिलकडे ती पुन्हा चालू करण्याचा अर्ज करा. आदेश येईपर्यंत वकीलपत्रावर सही करू नका. सनद कधी घेतलीच नसेल तर नव्याने नोंदणी करावी लागेल. जुलै २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर नोंदणी शुल्क सर्वसाधारण प्रवर्गाला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये, त्याहून जास्त मागता येत नाही. अखिल भारतीय बार परीक्षा २००९-१० आणि त्यानंतरच्या पदवीधरांना लागते. तुमची पदवी त्याआधीची असेल तर ती अट तुम्हाला नाही.

पहिलं वर्ष जुन्या विद्यार्थ्याच्या ऑफिसात बसायला संकोच करू नका. बोर्ड (त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी) कसं पाहायचं, ई-फायलिंग कसं करायचं हे तो तुम्हाला शिकवेल.